विक्रांत लपवली, निपात पाठवली

चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही. आमच्याकडचं पाणी मात्र समुद्राला जातं, आणि तेही मुंबईच्या नव्हे, पूर्वेच्या. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी काकिनाड्याच्या अलीकडे-पलीकडे बंगालच्या उपसागरात जाते. नकाशावर सरळ रेघ ओढली तर चंद्रपूरहून मुंबईपेक्षा विशाखापट्टणम जवळ. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी या पाण्यातून आगबोटी वर आणायचा घाट घातला होता. नागपूर-वऱ्हाडचा कापूस नदीनेच समुद्राला लावायचा, असा बेत. दुम्मागुडम, इंचमपल्ली आणि देवलमरी इथल्या खडकाळ टप्प्यांना वळसा घालण्यासाठी बांध-कालव्यांची कामं निघाली, खर्च फुगत गेला आणि १८७१ साली सगळं गुंडाळलं गेलं. त्यानंतर जहाज हा विषय आमच्याकडे पेपरातूनच आला.

पण मोठ्या युद्धनौका विमानांपुढे टिकतात का, या प्रश्नाची धग एकदा याच पाण्याच्या तोंडापर्यंत आली होती. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाडा या दोन्ही बंदरांवर बॉम्ब टाकले. आदल्या दिवशी सिलोनच्या दक्षिणेला डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या दोन ब्रिटिश क्रूझर विमानांनी बुडवल्या होत्या. तीन दिवसांनी, ९ एप्रिलला, बट्टिकलोआजवळ हर्मिस ही विमानवाहू नौका गेली. तिची स्वतःची विमानं त्या वेळी तिच्यावर नव्हतीच, ती त्रिंकोमालीच्या धावपट्टीवर राहिली होती. विमानं नसलेली विमानवाहू नौका विमानांच्याच हातून बुडाली. हर्मिस हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे मुंबईत येणार आहे.

या प्रश्नाची सुरुवात चार महिने आधी, १० डिसेंबर १९४१ ला, मलायाच्या किनाऱ्याजवळ झाली. प्रिन्स ऑफ वेल्स ही ब्रिटिशांची नवीकोरी युद्धनौका आणि तिच्या जोडीची जुनी पण वेगवान रिपल्स यांना जपानी नौदलाच्या विमानांनी टॉर्पेडो आणि बॉम्ब टाकून दुपारपर्यंत बुडवलं. सुमारे ८४० माणसं गेली, जपान्यांची विमानं पडली तीन. दोन्ही जहाजं उघड्या समुद्रात होती, चालत होती, तोफा डागत होती. वर त्यांचं एकही विमान नव्हतं. तोपर्यंत जाड पोलाद आणि लांब पल्ल्याच्या तोफा हेच जहाजाचं सामर्थ्य मानलं जाई. त्या दुपारनंतर हा हिशोब कुणी तसा मांडला नाही.

आता मुंबई. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये विक्रांत भारतीय नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला पोहोचली. ७०० फूट लांब, पूर्ण भाराने १९,५०० टन. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हर्क्युलस नावाने बांधायला घेतलेलं आणि युद्ध संपल्यावर अर्धवट सोडलेलं हे जहाज. १९६५ च्या युद्धात ती मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती. त्या सप्टेंबरात पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या आणि आपल्या नौदलाला पोरबंदरच्या उत्तरेला जाऊ नका असा सरकारी आदेश होता. नौदलप्रमुख होते भास्कर सदाशिव सोमण. त्यांना तो आदेश मान्य नव्हता, पण पाळावा लागला. द्वारकेत नुकसान किरकोळ झालं. नौदलाच्या मनाला मात्र ते लागून राहिलं.

१९७० साली सरदारीलाल मथरादास नंदा नौदलप्रमुख झाले. त्यांचं बालपण कराची बंदराच्या तोंडाशी असलेल्या मनोरा बेटावर गेलेलं, तरुणपणी कराची पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केलेली. बंदराचा धक्का कुठे, तेलाच्या टाक्या कुठे, जहाजं कुठे नांगरतात, हे त्यांना नकाशा न बघता ठाऊक होतं. कराचीवर जायचं हे त्यांनी ठरवलं होतं. प्रश्न होता कशाने जायचं.

सगळ्यात मोठं हत्यार अर्थातच विक्रांत. पण तिच्या बॉयलरच्या ड्रमला तडे गेले होते. चारपैकी एक बॉयलर बंद ठेवावा लागे, बाकीचेही जपून चालवावे लागत. वेग १६ नॉटच्या आसपास अडकलेला. विमानवाहू नौकेचा वेग हा पळण्यासाठी जितका लागतो तितकाच विमान उडवण्यासाठी लागतो: जहाज वाऱ्याच्या तोंडावर जोराने जातं तेव्हा डेकवरून वाहणारा वारा विमानाला उचलायला मदत करतो. जहाजच संथ, तर जड आलिझे विमानं उडवायला निसर्गातल्या वाऱ्याची वाट बघायची. अशी नौका कराचीसमोर, पाकिस्तानी विमानतळांच्या टप्प्यात आणि फ्रेंच बनावटीच्या नव्या डॅफ्ने पाणबुड्यांच्या पाण्यात न्यायची? १९७१ च्या युद्धाआधी नंदांनी तिला पूर्वेला पाठवलं.

हा निर्णय आज सोपा वाटतो. तेव्हा तो तसा नव्हता. देशाची एकमेव विमानवाहू नौका मुख्य शत्रूपासून दूर न्यायची, म्हणजे ती घाबरून लपवली असं कुणीही म्हणू शकलं असतं. आणि खरंच ती लपवली होती. विशाखापट्टणमहून तिला अंदमानकडे नेऊन ठेवलं आणि पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी तिच्या नावाने नाटक उभं केलं. राजपूत नावाची एक जुनी विनाशिका विशाखापट्टणमजवळ विक्रांत असल्यासारखे बिनतारी संदेश पाठवत राहिली. बाजारात जहाजाच्या नावाने भाजी-मांसाची मोठी खरेदी झाली, इतकी की हजार माणसांचं जहाज बंदरात आहे असा कुणाचाही समज व्हावा. गुपित फुटावं म्हणूनच केलेली ती खरेदी होती.

गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली होती, विक्रांतच्याच शोधात. मूळची अमेरिकन, डायाब्लो नावाची. बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊ शकेल अशी पाकिस्तानकडे तेवढी एकच पाणबुडी होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ती विशाखापट्टणमच्या बंदराबाहेर बुडाली. राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे, असं भारत म्हणतो. स्वतःच पेरलेल्या पाणसुरुंगामुळे, असं पाकिस्तान म्हणतो. त्या वादाचा निकाल मी इथे लावत नाही. नव्वदहून अधिक माणसं तिच्यासोबत तळाला गेली आणि पाण्यावर आलेल्या वस्तू कोळ्यांच्या हाती लागल्या तेव्हा बाहेर कळलं. विक्रांत त्या रात्री शेकडो मैल दूर होती.

४ डिसेंबरपासून तिची सी हॉक विमानं कॉक्स बाझार आणि चितगाववर जाऊ लागली. पूर्व पाकिस्तानात सेबर विमानांची एकच तुकडी होती, ढाक्याच्या तेजगाव विमानतळावर. भारतीय वायुदलाने ती धावपट्टी उखडून टाकल्यावर दोन-तीन दिवसांत ती तुकडी जमिनीवरच बसली. पाणबुडी गेली, विमानं गेली. आता १६ नॉटने चालणारं हे अवाढव्य जहाज रोज आपलं काम करून परत येई आणि त्याच्या वाटेला जायला कुणी उरलं नव्हतं. विक्रांतचं कौतुक जरूर करावं, पण ते करताना तिच्या समोर कोण होतं आणि कोण नव्हतं हेही पाहावं.

पश्चिमेची गोष्ट उलटी. तिची बीजं २१ ऑक्टोबर १९६७ ला पोर्ट सईदसमोर पडली होती. इस्रायलची आयलात ही विनाशिका गस्त घालत असताना इजिप्तच्या लहानशा कोमार बोटींनी बंदराच्या आतूनच तिच्यावर स्टिक्स क्षेपणास्त्रं सोडली. आयलात बुडाली, ४७ माणसं गेली. जहाजावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने जहाज बुडवल्याची ही पहिली वेळ. ही बातमी जगातल्या प्रत्येक नौदलाने वाचली. आपल्याकडे तिचा परिणाम म्हणजे सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या ओसा जातीच्या आठ बोटी: विद्युत, विजेता, विनाश, निपात, नाशक, निर्भीक, निर्घात आणि वीर. ४० मीटरही लांबी नाही, वजन दोनशे-सव्वादोनशे टन, माणसं तीसेक. अंगावर चार मोठ्या पेट्या, प्रत्येकीत एक स्टिक्स. प्रत्येक क्षेपणास्त्रात सुमारे ५०० किलो स्फोटकं. बंदर राखायला घेतलेल्या या बोटी. त्यांचा पल्ला थोडा, तेल थोडं, मोठ्या लाटांत हाल.

१९७१ च्या सुरुवातीला त्या आल्या, पण मुंबईला त्यांना उतरवून घेईल एवढी मोठी क्रेन नव्हती. म्हणून कोलकात्याला उतरवल्या आणि तिथून मोठ्या जहाजांनी दोरखंडाने ओढत अख्ख्या किनाऱ्याला वळसा घालून मुंबईला आणल्या. ही गैरसोयच कामाला आली. एवढ्या लांब ओढून आणता येतात तर कराचीजवळ का नेता येणार नाहीत? खलाशी व्लादिवोस्तोकला शिकून आलेले, रशियन बोलणारे. हल्ल्याच्या वेळी बोटी आपापसांत रशियनमध्येच बोलल्या, ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून.

४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर कराचीच्या दक्षिणेला पोहोचल्या. सोबत किलतान आणि कच्छल या दोन युद्धनौका, मागे पोषक हे तेलवाहू जहाज. तुकडीचे प्रमुख कमांडर बबरू भान यादव निपातवर होते. रात्रच निवडली होती, कारण पाकिस्तानी वायुदलाला अंधारात समुद्रावरची बोट शोधून मारणं जमत नव्हतं. उजाडायच्या आत त्यांच्या टप्प्याबाहेर पडायचं, एवढं गणित सांभाळायचं होतं. म्हणजे विमानांचा धोका या छोट्या बोटींनाही होताच. त्यांनी तो घड्याळाने चुकवला.

पावणेअकराच्या सुमाराला निर्घातने खैबरवर पहिलं क्षेपणास्त्र सोडलं. खैबर म्हणजे ब्रिटिशांची जुनी कॅडिझ, महायुद्धात बांधायला घेतलेली विनाशिका, निर्घातच्या कितीतरी पट मोठी. तिच्या डेकवरच्या लोकांना आभाळातून एक पिवळा-तांबडा झगझगीत उजेड आपल्याकडे येताना दिसला. विमानाने टाकलेला प्रकाशगोळा असेल असं वाटलं, म्हणून त्यांनी विमानविरोधी बोफोर्स तोफा त्यावर चालवल्या. क्षेपणास्त्र उजव्या कुशीत घुसलं, वीज गेली, बॉयलरचा स्फोट झाला. त्या अंधारात खैबरने किनाऱ्याला कळवलं की शत्रूच्या विमानाने हल्ला केला आहे आणि जागाही चुकीची सांगितली. चार मिनिटांनी दुसरं क्षेपणास्त्र आलं. खैबर बुडाली, दोनशेहून अधिक खलाशांसह. आपल्याला कशाने मारलं हे तिच्या खलाशांना कळलं नाही, किनाऱ्यालाही नाही.

मुहाफिझ या सुरुंगशोधक नौकेचं त्याहून वाईट झालं. तिचा सांगाडा लाकडी. वीरचं क्षेपणास्त्र लागल्यावर तिला संदेश पाठवायलाही सवड मिळाली नाही. खैबरचे लोक शोधायला निघालेल्या गस्ती नौकेला पाण्यावर काही जळताना दिसलं, ती तिथे गेली, आणि तेव्हा कुठे मुहाफिझ गेल्याचं कराचीला समजलं. निपातने व्हीनस चॅलेंजर हे व्यापारी जहाज बुडवलं, शाहजहान ही विनाशिका निकामी केली. सकाळच्या आत तिन्ही बोटी परतीच्या वाटेला लागल्या. त्यांचा एकही माणूस गेला नाही. ४ डिसेंबर हा नौदल दिन तेव्हापासूनचा.

यानंतरचा प्रसंग मला खैबरपेक्षाही बोलका वाटतो. भारताच्या मिसाईल बोटी पुन्हा आल्या आहेत या धास्तीत पाकिस्तानी वायुदलाने ६ डिसेंबरला समुद्रावर दिसलेल्या एका जहाजावर गोळीबार केला. ते त्यांचंच झुल्फिकार हे फ्रिगेट निघालं. क्षेपणास्त्राने जहाजं तर बुडवलीच, शिवाय प्रत्येक सावली संशयास्पद करून टाकली.

८ डिसेंबरच्या रात्री मिसाईल बोटींपैकी विनाश एकटीच कराचीवर गेली, सोबत त्रिशूल आणि तलवार ही फ्रिगेट्स. समुद्र खवळलेला. चार क्षेपणास्त्रं सुटली. एक केमारीच्या तेलाच्या टाक्यांवर पडलं आणि मोठा वणवा पेटला. बाकीच्यांनी बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजांचा माग घेतला: ढाका हे पाकिस्तानी तेलवाहू जहाज, पनामाचं गल्फ स्टार, ब्रिटनचं हरमटन. स्टिक्सला झेंडा दिसत नाही. शेवटच्या टप्प्यात त्याचं रडार समोर चाचपतं आणि ज्याचा प्रतिध्वनी सगळ्यात मोठा, त्याच्याकडे वळतं. जितकं जहाज मोठं तितकी त्याची हाक मोठी. चिलखत किती जाड हा प्रश्नच तिथे येत नाही. यानंतर पाकिस्तानी ताफ्याचा मोठा भाग बंदराच्या आत जाऊन बसला.

इथे कुणालाही कान्होजी आंग्र्यांची गलबतं आठवतील, आणि आठवावीतही. वारा पडला की वल्ह्यांवर चालणारी ती गलबतं इंग्रजांच्या उंच जहाजाच्या मागल्या बाजूला यायची, जिथे तोफा कमी. पण ही तुलना भाषणात जितकी शोभते तितकी खरी नाही. आंग्र्यांचा माणूस शत्रूला डोळ्यांनी बघत होता, शत्रूही त्याला बघत होता. निर्घात आणि खैबर यांनी एकमेकींना पाहिलंच नाही.

आणि त्या आठवड्याने सगळा धडा एकाच बाजूचा दिला असंही नाही. ९ डिसेंबरला दीवजवळ हंगोर या डॅफ्ने पाणबुडीने खुकरी हे भारतीय फ्रिगेट टॉर्पेडोने बुडवलं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, त्यांच्यासह १९४ जण. त्या युद्धात भारताने गमावलेली ही एकमेव युद्धनौका, आणि ती ना विमानाने गेली ना क्षेपणास्त्राने. विक्रांत पश्चिमेला असती तर काय झालं असतं, याचं उत्तर ज्याला हवं त्याने खुकरीकडे पाहावं.

गडचिरोली चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला ते १९८२ साल. त्याच वर्षी मे महिन्यात फॉकलंडच्या समुद्रात शेफील्ड या ब्रिटिश विनाशिकेवर अर्जेंटिनाच्या विमानांनी एक्झोसेट सोडलं. हे क्षेपणास्त्र पाण्याला चिकटून येतं. पृथ्वीच्या गोलाईमुळे जहाजाच्या रडारला ते वीस-तीस किलोमीटरवर आल्याशिवाय दिसत नाही आणि दिसल्यावर हातात मिनिट-दीड मिनिट उरतं. शेफील्डला तेवढंही मिळालं नाही. उपग्रहाद्वारे संदेश चालू असल्याने तिचं धोक्याची सूचना देणारं यंत्र त्या वेळी नीट ऐकू शकत नव्हतं. आग विझवायच्या पाण्याची मुख्य नळीच फुटली. २० माणसं गेली आणि ओढून नेत असताना १० मे रोजी ती बुडाली. ब्रिटिशांनी आपल्या दोन विमानवाहू नौका मग दूर पूर्वेला, अर्जेंटिनाच्या विमानांना कठीण जाईल अशा अंतरावर ठेवल्या. २५ मे रोजी ताफ्यावर आलेली एक्झोसेट अटलांटिक कन्व्हेयर या मालवाहू जहाजाला लागली. त्या विमानवाहू नौकांपैकी एक, ताफ्याची प्रमुख, होती हर्मिस: १९४२ साली बुडालेल्या नौकेचं नाव घेतलेली. नंदांनी विक्रांतला जे केलं तेच थोड्या फरकाने तिला केलं गेलं, आणि ती वाचली. १२ मे १९८७ ला ती विराट नावाने भारतीय नौदलात आली आणि तीस वर्षं मुंबईची झाली.

तेव्हापासून अंतर वाढलं, वेळ आटला. नागपुरात ज्याच्या कंपनीचं केंद्र आहे ते ब्रह्मोस आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातं. पाण्यालगत आलं तर दिसल्यापासून लागेपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आसपास. ते भारतीय नौदलात पहिल्यांदा बसलं राजपूतवर, विक्रांतचं सोंग घेणाऱ्या विनाशिकेचं नाव घेतलेल्या नव्या राजपूतवर. एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात रशियाची मोस्कवा ही १८६ मीटरची क्रूझर युक्रेनच्या किनाऱ्यावरून आलेल्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी बुडाली. तिच्या अंगावर विमानं-क्षेपणास्त्रं पाडायची भरपूर सामग्री होती. २३ डिसेंबर २०२३ ला पोरबंदरपासून सुमारे २०० सागरी मैलांवर केम प्लूटो या तेलवाहू जहाजावर ड्रोन येऊन आदळलं. दोन दिवसांनी ते मुंबईबाहेर नांगरलं तेव्हा नौदलाची माणसं त्याच्यावरचा भगदाडाचा भाग तपासायला चढली.

मग मोठी जहाजं मोडीत काढायची का? मला तसं वाटत नाही. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी विक्रांत दाखल झाली, ४५,००० टनांची, जुनीच्या दुपटीहून मोठी. चितगाववर विमानं न्यायची तर निपात उपयोगाची नव्हती, हे १९७१ नेच दाखवलं. पण विमानवाहू नौकेला कुठे न्यायचं, तिच्यासोबत कोण असेल आणि शत्रूचे डोळे आधी कोण फोडणार, हे ठरल्याशिवाय ती न्यायची नाही, हेही तेव्हाच ठरलं होतं. नव्या विक्रांतच्या छायाचित्रांत ती एकटी दिसते. प्रत्यक्षात तिच्याभोवती विनाशिका, फ्रिगेट आणि पाणबुड्यांचा ताफा असावाच लागतो. त्या ताफ्याचा खर्च धरूनच नौकेची किंमत सांगितली पाहिजे. आपल्याकडे ती तशी क्वचितच सांगितली जाते.

जुन्या विक्रांतला शेवटपर्यंत ना क्षेपणास्त्र लागलं ना टॉर्पेडो. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि २०१४ साली दारूखान्यात गॅस कटरने तिचे तुकडे झाले. त्यातलं काही पोलाद बजाजच्या मोटारसायकलीत गेलं. ओसा जातीची एक नंतरची बोट, चपल, कारवारच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवली आहे. गोव्याला जाणारे चंद्रपूर-नागपूरचे लोक पुष्कळ असतात. त्यांनी एक दिवस काढून तासा-दोन तासांवरच्या कारवारला जावं आणि ती बोट किती लहान आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून यावं.